किल्लेकोटासाठी न मिळालेली एक खेळी: हेस्टिंग्ज १८९५ च्या डावातून इटालियन ओपनिंग शिकताना

बुद्धिबळात सोंगट्या कशा चालतात एवढे कळले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: डाव सुरू कसा करायचा? उत्तरादाखल नवख्याच्या हातात खेळ्यांची एक लांबलचक यादी पडते. तो ती घोकतो, आणि चौथ्याच खेळीला समोरचा यादीत नसलेले काहीतरी खेळून मोकळा होतो. मग सगळेच मुसळ केरात.

मी स्वतः ओपनिंग शिकलो ती एका डावाला धरून. डावाला गोष्ट असते, आणि गोष्ट लक्षात राहते. इथे जो डाव घेतला आहे तो विल्हेल्म स्टाइनिट्झ आणि कुर्ट फॉन बार्डेलेबेन यांचा, इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जचा, १७ ऑगस्ट १८९५ चा. ओपनिंग इटालियन. या डावात बघायची गोष्ट एकच आहे. काळ्याला किल्लेकोट (कॅसलिंग) करायला एक खेळी हवी होती आणि ती त्याला शेवटपर्यंत मिळाली नाही. बाकी सगळी आतषबाजी त्या एका उणिवेतून निघाली.

आधी पट मांडा

मोबाइलच्या पडद्यावर नको. खरा पट घ्या, हाताने सोंगट्या हलवा. पडद्यावर खेळ्या सरकतात आणि आपण नुसते बघे राहतो.

खेळ्या लिहायची पद्धत सोपी आहे. पांढऱ्याच्या बाजूने बसलात की डावीकडून उजवीकडे आठ उभे स्तंभ: ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच. खालून वर आठ आडव्या रांगा: १ ते ८. म्हणजे पांढरा राजा ई१ वर, काळा राजा ई८ वर. ‘घोडा एफ३’ म्हणजे घोडा एफ३ या घरात गेला. मोहऱ्याचे नाव नसेल तर खेळी प्याद्याची. ‘×’ म्हणजे मारले. प्याद्याने मारले असेल तर ते कुठल्या स्तंभातून आले तेवढे आधी लिहायचे: ‘ई×डी५’. खेळीच्या आकड्यापुढे तीन टिंबे दिसली तर ती खेळी काळ्याची.

एक सावधगिरी. दोन हत्तींना एकाच घरात जाता येत असेल तर कोणता गेला हे लिहिलेले असते. पहिल्यांदा हा डाव मांडला तेव्हा १६व्या खेळीला मी ‘ए’ हे अक्षर वाचलेच नाही आणि भलताच हत्ती सी१ वर नेला. पुढच्या पाच खेळ्या मी मुकाट्याने लावल्या, आणि २२व्या खेळीला जो हत्ती प्रहार करणार तो ई स्तंभात नव्हताच! पुन्हा पहिल्यापासून मांडावे लागले. चुकलात तर तुम्हीही तेच करा, मधूनच जोडाजोड करू नका.

पटावर कोण बसले होते

स्टाइनिट्झचा जन्म प्रागचा, १८३६ चा. १८८६ साली झुकरटोर्टला हरवून तो पहिला अधिकृत जगज्जेता झाला आणि १८९४ मध्ये इमॅन्युएल लास्करने त्याच्याकडून ते पद घेतले. म्हणजे हेस्टिंग्जला तो आला तो एकोणसाठीचा, नुकताच गादीवरून उतरलेला माणूस. बार्डेलेबेन बर्लिनचा, त्याच्याहून पंचवीस वर्षांनी लहान, आणि या स्पर्धेत त्याची सुरुवात छान झाली होती. बावीस खेळाडूंच्या त्या स्पर्धेत लास्कर, चिगोरिन, टारॅश असे त्या काळचे बहुतेक सगळे मोठे खेळाडू होते. जिंकला मात्र बावीस वर्षांचा अमेरिकन हॅरी पिल्सबरी. स्टाइनिट्झ पाचवा आला. तरी त्या स्पर्धेतला कुठला डाव आठवतो असे विचारले तर बहुतेक जण पिल्सबरीचे नाही, स्टाइनिट्झच्या या डावाचे नाव घेतील.

पहिल्या तीन खेळ्या

१. ई४ ई५
२. घोडा एफ३ घोडा सी६
३. उंट सी४ उंट सी५

इथपर्यंतच्या मांडणीला इटालियन ओपनिंग म्हणतात. काळ्याने उंट सी५ वर आणला की तिला जुओको पियानो हे इटालियन नाव आहे, म्हणजे ‘शांत खेळ’. आता जे होणार आहे ते पाहता हे नाव ठेवणाऱ्याला विनोदाची आवड असावी!

प्रत्येक खेळीला विचारा: ही कशासाठी? ई४ मध्यातली जागा घेतो आणि वजीर व उंट यांची वाट उघडतो. घोडा एफ३ बाहेर येता येता ई५ च्या प्याद्यावर डोळा ठेवतो, म्हणून काळ्याला सी६ चा घोडा आणून त्याला जपावे लागते. उंट सी४ ची नजर तिरकी जाते ती एफ७ वर. हे घर नीट ओळखून ठेवा. डावाच्या सुरुवातीला काळ्या पटात एफ७ हे असे प्यादे आहे ज्याला राजाशिवाय कुणीच राखण नाही. पांढऱ्याच्या बाबतीत तेच एफ२ चे.

तीन खेळ्यांत पांढऱ्याने घोडा आणि उंट बाहेर काढले, एफ१ आणि जी१ ही घरे रिकामी झाली. चौथ्या खेळीला तो किल्लेकोट करू शकतो. नवख्या खेळाडूसाठी इटालियन ओपनिंगची खरी लज्जत हीच आहे, राजा इतक्या लवकर सुरक्षित होतो.

काळ्याने तिसऱ्या खेळीला उंटाऐवजी घोडा एफ६ खेळला तर तो दोन घोड्यांचा बचाव. त्याची कथा वेगळी, ती आज नको.

मध्यावर चढाई

४. सी३ घोडा एफ६
५. डी४ ई×डी४
६. सी×डी४ उंट बी४ शह

सी३ ही खेळी बघायला लाजरीबुजरी वाटते. ती डी४ साठी आहे. डी४ वर काळ्याने मारले की सी प्याद्याने परत मारायचे, म्हणजे मध्यात ई४ आणि डी४ अशी दोन प्यादी खांद्याला खांदा लावून उभी. शिवाय डी४ मुळे सी५ च्या उंटावरही हल्ला होतो, त्याला हलावेच लागते.

इथे नवखे खेळाडू काळ्याकडून जी चूक करतात ती म्हणजे सहाव्या खेळीला उंट बी६ ला मागे घेणे. सुरक्षित वाटते. पण मग ७. डी५ ने सी६ चा घोडा हुसकला जातो, त्यामागून ई५ ने एफ६ चा घोडा, आणि पांढरी प्यादी रोलरसारखी पुढे येतात. म्हणून उंट बी४ शह. राजाला शह असल्याने पांढऱ्याला आधी त्याकडे बघावे लागते आणि काळ्याला श्वास घ्यायला एक खेळी मिळते.

७. घोडा सी३ डी५

शह अडवायला मुख्य वाटा दोन आहेत. उंट डी२ ही शहाणी वाट. स्टाइनिट्झने घोडा सी३ खेळला, म्हणजे ई४ चे प्यादे उघड्यावर ठेवले, कारण त्याला जपणारा हा घोडा आता बी४ च्या उंटाने राजासमोर जखडला आहे, हलला तर राजाला शह. सतराव्या शतकातला इटालियन खेळाडू ग्रेको याच्या नोंदींमध्ये ही खेळी आढळते, इतकी ती जुनी आहे. काळा ७... घोडा×ई४ खेळून प्यादे घेऊ शकतो, त्यावर पांढरा ८. किल्लेकोट करून हल्ल्याला लागतो. आजच्या मते काळा नीट खेळला तर त्याला यातून काही धोका नाही. पण ‘नीट’ या शब्दात बरेच काही येते, आणि समोर घड्याळ टिकटिकत असते.

बार्डेलेबेनने प्यादे घेतले नाही. त्याने डी५ खेळून मध्यावर उलटा वार केला. ही चूक नव्हे. पांढऱ्याची प्याद्यांची जोडी फोडायचा हा रास्त मार्ग आहे, आणि डी२ च्या वाटेतही काळा तेच करतो.

एक खेळी कशी निसटते

इथे थांबा. खेळ्या हळूहळू लावा आणि प्रत्येक खेळीनंतर एकच प्रश्न विचारा: काळा आता किल्लेकोट करू शकतो का?

८. ई×डी५ घोडा×डी५
९. किल्लेकोट (राजाच्या बाजूला) उंट ई६

आठव्या खेळीनंतर काळ्याच्या एफ८ आणि जी८ या दोन्ही जागा रिकाम्या आहेत. वाट मोकळी दिसते. पण पांढऱ्याने किल्लेकोट केला तसा सी३ चा घोडा जखडातून सुटला, आणि आता डी५ च्या काळ्या घोड्यावर दोघांची नजर: सी४ चा उंट आणि सी३ चा घोडा. राखण एकट्या वजिराची. काळा किल्लेकोट करायला गेला तर घोडा जातो. म्हणून उंट ई६. एक खेळी गेली.

इथे कुणालाही मोह होईल: ९... घोडा×सी३ १०. बी×सी३ उंट×सी३, फुकटचे प्यादे! करून बघा. पांढरा ११. वजीर बी३ खेळतो. वजीर सी३ च्या उंटावरही आहे आणि सी४ च्या उंटामागे उभा राहून एफ७ वरही. काळ्या उंटाने ए१ चा हत्ती खाल्ला तर १२. उंट×एफ७ शह, राजा एफ८, १३. उंट ए३ शह. राजा उघड्यावर, काळ्याची बाकी फौज घरातच. पोटात हत्ती गेला खरा, पण पचणार नाही.

१०. उंट जी५ उंट ई७

जी५ चा उंट थेट डी८ च्या वजिरावर. पुन्हा काळ्याला किल्लेकोट बाजूला ठेवून वजिराची काळजी घ्यावी लागली. दुसरी खेळी गेली.

११. उंट×डी५ उंट×डी५
१२. घोडा×डी५ वजीर×डी५
१३. उंट×ई७ घोडा×ई७

तीन खेळ्यांत सहा मारामाऱ्या. नवखा माणूस इथे म्हणेल की सगळे मोहरे तर संपले, आता काय उरले? उलट, आता पटाकडे नीट बघा. काळ्याने तिन्ही खेळ्या परत मारण्यात घालवल्या, आणि आता पुन्हा पांढऱ्याची पाळी आहे. काळा पुढच्याच खेळीला किल्लेकोट करणार. त्याला फक्त एकदा पाळी यायला हवी.

१४. हत्ती ई१

आणि दार बंद. ई स्तंभ पूर्ण उघडा आहे. ई१ च्या हत्तीसमोर ई७ चा घोडा, त्याच्यामागे ई८ वर राजा. घोड्याला राखण फक्त राजाची. राजा कुठल्याही बाजूला किल्लेकोट करून सरकला की हत्ती×ई७, घोडा गेला. माझ्या मते अख्ख्या डावातली सगळ्यात शिकण्यासारखी खेळी हीच. चांगल्या खेळीपुढे लावतात ते उद्गारचिन्ह तिला कुणी देत नाही, कारण ती इतकी साधी आहे.

काळ्याच्या बाजूनेही बघायला हवे. सोंगट्या बरोबरीच्या आहेत. पांढऱ्याचे डी४ चे प्यादे एकट पडले आहे, शेजारच्या सी आणि ई स्तंभांत त्याला आधार द्यायला दुसरे प्यादे नाही. मोहरे आणखी कमी झाले तर ते प्यादे ओझे होईल. काळ्याला फक्त राजाची सोय करायची आहे.

१४... एफ६
१५. वजीर ई२ वजीर डी७

एफ६ मुळे पांढऱ्या घोड्याला ई५ आणि जी५ ही घरे मिळत नाहीत, आणि राजाला एफ७ वर यायची वाट होते. तिथून एच८ चा हत्ती ई८ वर आणला की हाताने किल्लेकोट केल्यासारखेच. स्टाइनिट्झने वजीर हत्तीच्या पुढे आणून ई७ वर दुसरा मारा लावला, त्यामुळे काळ्या वजिरालाही राखणीला यावे लागले.

१६. हत्ती ए-सी१ सी६

(हाच तो ‘ए’.) काळ्याची ही खेळी सगळ्या टीकाकारांनी झोडपली आहे. घोडा डी५ वर भक्कम बसवायचा त्याचा विचार असावा. विचार चांगला, पण वेळ नव्हती. राजा एफ७ लगेच खेळायला हवे होते.

प्यादे द्या, घर घ्या

पुढची खेळी कागदाने झाका. पांढऱ्याकडून तुम्ही काय खेळाल? दहा मिनिटे बसा.

सूचना हवी असेल तर ही घ्या: पांढऱ्याचा सगळ्यात आळशी मोहरा कुठला? एफ३ चा घोडा. त्याला कुठे जायचे आहे? ई६. तिथे जायला वाट कुठून? डी४ वरून. आणि डी४ वर कोण बसले आहे? आपलेच प्यादे.

१७. डी५ सी×डी५
१८. घोडा डी४

एक प्यादे गेले. मिळाले काय? घोड्याला डी४, सी१ च्या हत्तीला उघडा सी स्तंभ, आणि वर एक गंमत: काळ्याचेच डी५ वरचे प्यादे आता त्याच्या वजिरापुढे भिंतीसारखे उभे आहे, त्यामुळे डी४ च्या घोड्याला वजिराकडून काही भीती नाही. काळ्याने प्यादे न घेता १७... राजा एफ७ खेळला असता तर जास्त चिवट झुंज झाली असती, असे विश्लेषक म्हणतात.

एकट प्याद्याबद्दल ‘ते कमजोर असते’ एवढेच शिकवले जाते. ते पुढे सरकवून बळी देता येते आणि मागे एक सुंदर घर मोकळे होते, हे मी तरी या डावातूनच शिकलो.

१८... राजा एफ७
१९. घोडा ई६ हत्ती एच-सी८

घोडा ई६ वर रुतला. वजिराने मारला तर वजीर×ई६ शह, आणि राजाला परत मारता येत नाही, कारण मागे ई१ चा हत्ती आहे. घोड्याच्या आधाराने पांढऱ्याची धमकी आहे हत्ती सी७, म्हणून काळा हत्ती सी८ वर येतो.

२०. वजीर जी४ जी६

धमकी होती वजीर×जी७ शहाची. पण वजीर जी४ वर आला त्यात आणखी काही दडलेले आहे. जी४ पासून तिरपे बघा: एफ५, ई६, डी७. मध्ये आपला घोडा, पलीकडे काळा वजीर, ज्याला या क्षणी कुणाचीच राखण नाही.

२१. घोडा जी५ शह राजा ई८

घोडा बाजूला झाला, शह दिला, आणि पांढऱ्या वजिराची नजर काळ्या वजिरावर पडली. एफ प्याद्याने घोडा मारला तर वजीर जातो. राजाला ई८ वर जाऊन वजिराचा हात धरावा लागला. बघा, चौदाव्या खेळीला जिथे अडकला होता, त्याच घरात परत.

चार मोहरे एकदम माऱ्यात

२२. हत्ती×ई७ शह राजा एफ८

इथे घाई करू नका. आधी काळ्याला दुसरे काय करता आले असते ते स्वतः लावून बघा. वजिराने हत्ती मारला तर हत्ती×सी८ शह, हत्ती×सी८, वजीर×सी८ शह, आणि हिशेब केला की पांढऱ्याकडे एक घोडा जास्त. राजाने मारला तर हत्ती ई१ शह, आणि राजाला उघड्या मैदानात पळावे लागते.

म्हणून राजा एफ८. ही काळ्याची हुशारी आहे, तिला कमी लेखू नका. आता पांढऱ्याचा ई७ चा हत्ती, जी४ चा वजीर, जी५ चा घोडा आणि सी१ चा हत्ती, चारही माऱ्यात आहेत. पांढऱ्याने लोभाने वजीर×डी७ केले तर हत्ती×सी१ शह, आणि पहिल्या रांगेत मात: वजीर डी१ वर आडवा आला तर तो जातो, ई१ वर हत्ती आला तर तोही जातो, आणि राजाला स्वतःच्याच तीन प्याद्यांनी कोंडले आहे. सांगायचा मुद्दा हा, की पांढऱ्याची प्रत्येक खेळी शहच असली पाहिजे. एक खेळी जरी शहाशिवाय गेली तरी तो हरतो.

२३. हत्ती एफ७ शह राजा जी८
२४. हत्ती जी७ शह राजा एच८
२५. हत्ती×एच७ शह

हत्ती एकेक घर सरकत राजाच्या नाकासमोरून चालला आहे आणि त्याला हात लावायची सोय नाही. एफ७ वर राजाला मारता येत नाही, कारण जी५ च्या घोड्याची राखण. जी७ वर राजाने मारला तर राजा वजिरापासून लांब जातो आणि वजीर×डी७ शहासकट होते. काळ्या वजिराने कुठेही हत्ती मारला की सी८ ची राखण सुटते आणि पुन्हा हत्ती×सी८ शह. एच७ वरही तेच.

या ठिकाणी बार्डेलेबेन उठला. हार मानल्याचे एका शब्दाने न सांगता तो सभागृहाबाहेर निघून गेला आणि परत आला नाही. त्याचे घड्याळ संपेपर्यंत स्टाइनिट्झला बसून राहावे लागले. खेळीलेखनात डाव पंचविसाव्या खेळीला संपतो तो असा. स्पर्धेतल्या सर्वांत चमकदार डावाचे पहिले बक्षीस याच डावाला मिळाले.

उरलेला शेवट स्टाइनिट्झने जमलेल्या लोकांना पटावर दाखवला. तुम्हीही लावा:

२५... राजा जी८
२६. हत्ती जी७ शह राजा एच८
२७. वजीर एच४ शह राजा×जी७
२८. वजीर एच७ शह राजा एफ८
२९. वजीर एच८ शह राजा ई७
३०. वजीर जी७ शह राजा ई८
३१. वजीर जी८ शह राजा ई७
३२. वजीर एफ७ शह राजा डी८
३३. वजीर एफ८ शह वजीर ई८
३४. घोडा एफ७ शह राजा डी७
३५. वजीर डी६ मात

सव्वीसाव्या खेळीला हत्ती पुन्हा जी७ वर आला, म्हणजे चोविसाव्या खेळीची स्थितीच परत आली असे वाटेल. फरक एका प्याद्याचा. एच७ चे प्यादे गेल्यामुळे एच स्तंभ उघडला, आणि घोड्याच्या आधाराने वजिराला एच७ वर उतरता आले. आधी तो रस्ताच नव्हता.

आता तुमच्या डावात

हा डाव तीन दिवसांत तीनदा लावा. पहिल्यांदा वाचत, दुसऱ्यांदा पांढऱ्याची प्रत्येक खेळी झाकून ओळखत, तिसऱ्यांदा काहीही न बघता. तिसऱ्या वेळी जिथे अडाल तिथली खेळी तुम्हाला समजलेली नाही, नुसती आठवत होती.

स्वतः खेळताना मात्र लगेच ७. घोडा सी३ च्या मागे लागू नका. इटालियनमध्ये पांढऱ्याकडून नवख्याने ४. सी३ नंतर ५. डी४ ऐवजी ५. डी३ खेळावे असे माझे मत आहे. मध्य बंद राहतो, किल्लेकोट आरामात होतो, आणि डी४ चा वार राखून ठेवता येतो. आजचे ग्रँडमास्टरही हीच संथ वाट फार खेळतात. डी४ ची उघडी वाट आवडलीच तर सुरुवात ७. उंट डी२ ने करा, काळ्याने तिथे उंट मारून डी५ खेळले तरी तुमचा राजा धोक्यात नसतो. काळ्याकडून खेळत असाल तर ६... उंट बी४ शह विसरू नका, आणि ई स्तंभ उघडणार असे दिसले की पुढची प्रत्येक खेळी करण्याआधी स्वतःच्या राजाकडे बघा.

शेवटी एक गृहपाठ. सोळाव्या खेळीला परत या. पांढरे: राजा जी१, वजीर ई२, हत्ती सी१ आणि ई१, घोडा एफ३, प्यादी ए२, बी२, डी४, एफ२, जी२, एच२. काळे: राजा ई८, वजीर डी७, हत्ती ए८ आणि एच८, घोडा ई७, प्यादी ए७, बी७, सी७, एफ६, जी७, एच७. काळ्याकडून सी६ ऐवजी राजा एफ७ खेळा. पांढऱ्याचा हात शिवशिवतो तो १७. वजीर×ई७ शहासाठी: १७... वजीर×ई७ १८. हत्ती×ई७ शह राजा×ई७ १९. हत्ती×सी७ शह राजा डी६ २०. हत्ती×जी७. दोन प्यादी खिशात, आणखी बी७ आणि एच७ ही समोर आहेत. आता काळ्याची पाळी. एच८ चा हत्ती सी८ वर ठेवा आणि पांढऱ्याच्या पहिल्या रांगेकडे बघा.